विशाखापट्टणम की रत्नागिरी? एका सोलापूरकराचं मत

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टीत समुद्रावर कुठं जायचं याची यादी तुमच्या पुरवणीत वाचली. परत तेच, गोवा, अलिबाग, तारकर्ली. अहो, सोलापूरवाल्याला समुद्र दोन्ही बाजूला आहे की! मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करत रत्नागिरीला उतरता येतं आणि रात्री इथनं कोणार्क एक्सप्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विशाखापट्टणम. आम्ही मागच्या दोन वर्षांत आई-बाबांना घेऊन दोन्हीकडं जाऊन आलो, म्हणून हे पत्र.

आधी उन्हाचं बोलतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, विशाखापट्टणमला ३४ वगैरे ऐकून आई खूश होती, पण स्टेशनबाहेर पडल्यावर दहा मिनिटांत पदर पिळायची वेळ आली. आपलं ऊन कोरडं, घाम आला की उडून जातो, तिथं हवेतच एवढं पाणी की तो अंगावरच राहतो. हे दोन्ही गावांना सारखंच. त्यामुळं थंडाव्याला चाललोय असं कुणी समजू नये, जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलतो, त्यामुळं विशाखापट्टणमला भाषेची अडचण येणार नाही अशी बाबांची खात्री. पण आमची तेलुगू तेलंगणाकडची, वर चार पिढ्या मराठीत मुरलेली. बाबांनी बीचवर एका शिंपलेवाल्याला 'येड' म्हणून विचारलं, म्हणजे कुठं. तिकडं त्याला 'एक्कड' म्हणतात. तो हसायला लागला, आणि माझा पोरगा त्याच्यापेक्षा जास्त, कारण त्याला मराठीतलंच येडं आठवलं. नंतर बाबा दिवसभर हिंदीत बोलत होते.

तिथली खरी चीज म्हणजे पाणबुडी, आयएनएस कुरसुरा. १९६९ साली नौदलात आली, २००१ ला निवृत्त झाली आणि २००२ पासून आर.के. बीचवर वाळूत उभी करून लोकांना दाखवतात. आतनं चालत जाता येतं, दाखवायला नौदलातले रिटायर झालेले लोक असतात. एका खोलीतनं दुसरीत जायला गोल भोक, पाय उचलून वाकून जायचं, गुडघ्यामुळं आईला जमेना, ती बाहेरच बसली. बाबा मात्र प्रत्येक भोकातनं गेले. एकावर एक टांगलेल्या बिछान्यांपाशी थांबून म्हणाले, आम्ही कारखान्यात दोन मागांच्या मधे असंच झोपायचो, वर पंखा पण नव्हता. पाणबुडीचं एवढं कौतुक आमच्या घरात दुसऱ्या कुणाला नाही. समोरच नौदलाच्या टीयू-१४२ विमानाचं म्युझियम आहे, ते पण बघावं. कैलासगिरी टेकडीवर रोपवेनं जायचं, वरनं अख्खा किनारा वळताना दिसतो. अरकूची रेल्वे आणि बोर्रा गुहा करायच्या तर एक दिवस वेगळा ठेवा. एक सांगून ठेवतो, आर.के. बीचवर पाण्यात उतरू नका, खाली दगड आहेत आणि ओढ जबरदस्त आहे. नुसतं काठावर बसून मसाला मुरमुरे खायचे.

आता रत्नागिरी. २०११ च्या जनगणनेत हे शहर पाऊण लाखाच्या आसपास आणि विशाखापट्टणम १७ लाखांच्या वर, आपलं सोलापूर साडेनऊ लाख. त्यामुळं तुलनाच चुकीची असं कुणी म्हणेल, पण म्हणूनच तर मजा आहे. दुपारी एकनंतर गाव झोपतं, पानाची टपरी सुद्धा बंद. पहिल्या दिवशी माझी चिडचिड झाली, तिसऱ्या दिवशी मीच झोपलो होतो. मांडवी बीचची वाळू काळी, उन्हात अनवाणी चाललं तर तव्यावर पाय ठेवल्यासारखं होतं, तेच थोडं पुढं गेलं की 'पांढरा समुद्र' नावाच्या किनाऱ्याला पांढरी वाळू. टिळकांचं जन्मघर, सावरकरांच्या वेळचं १९३१ चं पतितपावन मंदिर, रत्नदुर्गावरची भगवती, सगळं एका दिवसात आरामात होतं. थिबा पॅलेसला मात्र वेळ द्या. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथंच गेला. जुन्या वाड्याच्या जिन्यावर बसलो तेव्हा आई म्हणाली, एवढं मोठं घर आणि घरी जायची परवानगी नाही.

जेवणात रत्नागिरी पुढं, सुरमई आणि सोलकढी, वाद नाही. राहण्यात मात्र फसलो. फोनवर 'सी व्ह्यू' सांगून जास्तीचे पैसे घेतले, आणि खिडकीतनं शेजारच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी, तिच्यामागं वीतभर समुद्र. विचारलं तर म्हणे दिसतोय की साहेब.

माझं मत सरळ आहे. पोरंबाळं घेऊन चार दिवस फिरायचं तर विशाखापट्टणम, कंटाळा येणार नाही, रिक्षा-बस सगळं मिळतं. रिटायर होऊन राहायचं म्हटलं तर मी रत्नागिरी म्हणेन, पण बायको म्हणते दुपारी दूध संपलं तर कुठनं आणायचं, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

आणि सूर्य. दोन्ही गावांत दहा रेखांशांचा फरक, म्हणजे सूर्य उगवण्या-मावळण्यात साधारण ४० मिनिटं. रत्नागिरीला मे महिन्यात तो समुद्रात बुडतो तो निवांत सातच्या सुमारास, चहा पिऊन जाता येतं. विशाखापट्टणमला मे महिन्यात साडेपाचच्या आतच समुद्रातनं वर येतो. आम्ही सगळे झोपेत, बाबा एकटेच उठून गेले होते, आले ते पायजम्याला वाळू घेऊन, म्हणाले, मिलच्या भोंग्यानं उठायची सवय आज कामाला आली.

आपला एक वाचक,
पूर्व भाग, सोलापूर