नवी थ्री सीरिज येईपर्यंत थांबावं का?

पुणे,
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न सरळ आहे. आज शोरूममध्ये मिळणारी बीएमडब्ल्यू एम ३४० आय, म्हणजे आत्ताच्या थ्री सीरिजमधली सहा सिलिंडरवाली, घ्यावी, की जर्मनीत तयार होत असलेली नवी थ्री सीरिज साताऱ्यापर्यंत पोचेस्तोवर थांबावं? माझं मत आधी सांगून टाकतो: तू आत्ताची घे. पण ती कोणत्या महिन्यात बनलेली असावी, कोणाच्या नावावर नोंदवावी आणि ताब्यात घेताना काय काय बघावं, यावर या सौद्याचं निम्मं बरंवाईट ठरतं. म्हणून पत्र लांबणार आहे.

नवी गाडी येणार हे खरंच आहे. थ्री सीरिजच्या पिढ्या मोजून बघ: १९७५, १९८२, १९९०, १९९८, २००५, २०११, २०१८. दर सात-आठ वर्षांनी कूस बदलते, त्या हिशेबाने वेळ भरत आली आहे. सप्टेंबरमध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात कंपनीने ‘नॉये क्लासं’ या नव्या मालिकेतली पहिली विजेवरची गाडी, आयएक्स३, दाखवली. तिच्यामागोमाग २०२६ मध्ये म्युनिकच्या कारखान्यातून थ्री सीरिजच्या मापाची विजेवरची सेडान निघायची आहे. पेट्रोलवाली थ्री सीरिजही नव्या रूपात येणार आहे.

पण तिकडे पडदा उठला की इकडे बुकिंग सुरू झालं, असं होत नाही. मागची पिढी तिकडे ऑक्टोबर २०११ मध्ये दाखवली आणि आपल्याकडे जुलै २०१२ मध्ये आली. आत्ताची तिकडे ऑक्टोबर २०१८, आपल्याकडे ऑगस्ट २०१९. म्हणजे नऊ-दहा महिने धरूनच चालायचं. तुला तर साधी थ्री सीरिज नकोच आहे, तुला सहा सिलिंडरवाली हवी आहे. ती एम ३४० आय भारतात आली मार्च २०२१ मध्ये, तिकडच्या पदार्पणानंतर जवळजवळ अडीच वर्षांनी. कंपनी आधी जास्त खपणारी मॉडेल्स आणते. सुटे भाग आणून चेन्नईत जोडणी सुरू करायची तर त्या प्रकारासाठी वेगळी तयारी आणि वेगळ्या मंजुऱ्या लागतात. तोवर गाडी आणायचीच झाली तर पूर्ण बनवलेली आणावी लागते, आणि महागड्या आयात गाडीवर सुमारे ११० टक्के शुल्क बसतं. चेन्नईत जोडलेल्या गाडीच्या भागांवर ते १५ टक्क्यांच्या आसपास असतं. तेव्हा २०२६ च्या अखेरीस नवी पेट्रोल गाडी युरोपात दिसली, तरी तुझ्या कामाची गाडी आपल्या रस्त्यावर यायला २०२८ उजाडेल असं धरूनच हिशेब कर.

आणि इतकं थांबून हातात काय येईल, तेही बघ. नव्या मालिकेत समोरच्या काचेच्या तळाशी या खांबापासून त्या खांबापर्यंत माहितीची पट्टी दिसते, मधे १७.९ इंचाचा पडदा आहे, आणि गिअरपाशी असणारं आयड्राइव्हचं गोल बटण गेलं आहे. दिसायला हे फार देखणं आहे. पण तू रात्री खंबाटकी घाट उतरतोस, तेव्हा नजर रस्त्यावर ठेवून नुसत्या हाताच्या अंदाजाने नकाशा मोठा करता येणं ही त्या बटणाची खरी किंमत. आत्ताच्या गाडीत ते अजून आहे. (एसीची बटणं मात्र २०२२ च्या फेरबदलातच पडद्यात गेली.)

इंजिनाचं तर कोणीच गृहीत धरू नये. मर्सिडीजच्या सी ६३ चं उदाहरण डोळ्यांसमोर ठेव. जुन्या पिढीत ४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं. नव्या पिढीची वाट बघणाऱ्यांच्या हाती २ लिटरचं चार सिलिंडर, जोडीला बॅटरी आणि मोटर, आणि २१०० किलोंच्या वर वजन आलं. कागदावर ताकद वाढली, पण ज्यांना जुन्या इंजिनाचा आवाज आणि बाज हवा होता त्यांचं थांबणं वाया गेलं. आत्ताच्या एम ३४० आयमध्ये बी ५८ इंजिन आहे: २९९८ सीसी, सहा सिलिंडर एका ओळीत, ३७४ अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर, आणि शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. एका ओळीतल्या सहा सिलिंडरांची हादऱ्याची बाजू मुळातच समतोल असते, त्यासाठी वेगळे बॅलन्स शाफ्ट, म्हणजे हादरे मारणारे फिरते दांडे, लागत नाहीत. चाळीस-पन्नासच्या वेगात गिअरबॉक्स वरच्या गिअरला सरकतो तेव्हा तो गुळगुळीतपणा तुला सीटमध्ये जाणवेल. टेस्ट ड्राइव्हला जोरात पळवण्याआधी हे तेवढं लक्ष देऊन बघ.

आता शेवटच्या वर्षातल्या गाडीचा मोठा फायदा. नव्या पिढीतल्या चुका पहिल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांत सापडतात आणि पुढच्यांच्या गाड्यांत दुरुस्त होऊन येतात. याचा नमुना तुझ्याच दारात उभा आहे. तुझ्या २०१३ च्या डिझेल बीएमडब्ल्यूमध्ये एन ४७ इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन (झडपांची उघडझाप जुळवून ठेवणारी साखळी) पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. २००७ ते २०११ च्या इंजिनांत ती सैल पडण्याच्या तक्रारी सर्वात जास्त होत्या. पुढे सुधारणा झाल्या आणि तुझी गाडी त्या सुधारणांनंतरची. आत्ताच्या पिढीचंही तेच. याच सप्टेंबरमध्ये कंपनीने अमेरिकेत साधारण २०१९ ते २०२२ मधल्या चार सिलिंडरच्या काही गाड्या परत बोलावल्या, कारण स्टार्टरच्या रिलेत पाणी शिरून गंज चढतो आणि शॉर्ट सर्किट होऊ शकतं. अशा गोष्टी कळायला पाच-सहा वर्षं जातात. २०२५ मध्ये बनलेल्या गाडीला त्या वर्षांच्या शहाणपणाचा लाभ आहे, २०२८ मधल्या नव्या पिढीच्या पहिल्या तुकडीला तो नसेल. तुला तर वर्कशॉपसाठी दर वेळी पुणं गाठावं लागणार, एकेक फेरी शंभर किलोमीटरच्या वर. तुझ्यासाठी मुरलेली गाडी जास्त मोलाची.

थांबायचं म्हटलंस तर या जुन्या डिझेलचा खर्चही त्यात धर. सकाळी गार इंजिन सुरू करून बॉनेट उघड आणि मागच्या बाजूला, केबिनच्या भिंतीजवळ कान दे. खरखरीत, धातूवर धातू घासल्यासारखा आवाज येऊन इंजिन गरम होताना विरत असेल, तर चेन आणि तिला जागेवर ठेवणारे गाइड तपासल्याशिवाय आणखी दोन वर्षं ती चालवू नकोस. तिथे पोचायला गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं, म्हणून भागांपेक्षा मजुरी जड जाते. त्यात टायर, सस्पेन्शनचे बुश आणि गिअरबॉक्सचं ऑइल मिळव, की थांबण्याची किंमत कळेल.

थ्री सीरिजमधलीच लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, ३३० एलआय घ्यावी का, असंही तू विचारलं आहेस. आईंचे गुडघे बघता प्रश्न रास्त आहे. तिचा व्हीलबेस २९६१ मिलिमीटर, एम ३४० आयचा २८५१. ते ११० मिलिमीटर जवळजवळ सगळे मागच्या सीटपुढे मिळतात. पण दोन्ही गाड्या बुटक्याच. आईंना आत बसण्यापेक्षा उतरताना त्रास होणार आहे, म्हणून त्यांना शोरूममध्ये नेऊन तीनदा चढ-उतार करायला लाव. आणि तुझ्या गल्लीतला स्पीडब्रेकर विसरू नकोस. व्हीलबेस वाढला की मधलं पोट उंचवट्याला लवकर टेकतं, मागे तिघं बसले की आणखीच. टेस्ट ड्राइव्हची गाडी माणसं भरून त्याच ब्रेकरवरून ने, तिरकी करून नको, सरळ. इंजिनाचा विचार केला तर ३३० एलआय २ लिटरची, २५८ अश्वशक्तीची, आणि तीही चांगली आहे. आई रोज गाडीत बसणार असतील तर ती घे, महिन्यातून दोनदा असेल तर एम ३४० आय.

आता पैसे. २२ सप्टेंबरपासून दीड लिटरवरच्या पेट्रोल सेडानवरचा एकूण कर ४८ टक्क्यांवरून ४० वर आला. किमतीत ही घट ५.४ टक्क्यांची पडते. मागच्या नोव्हेंबरात एम ३४० आयची एक्स-शोरूम किंमत ७४ लाख ९० हजार होती, तिच्यावर नुसत्या कराचे सुमारे ४ लाख कमी होतात. डीलरच्या कोटेशनमध्ये ही घट मधल्या दरवाढींत बुडालेली दिसली, तर मूळ किंमत आणि कर वेगळे लिहून माग. युरो वर्षाच्या सुरुवातीला ९० रुपयांच्या आसपास होता, आता शंभरी ओलांडून गेला आहे. त्याचा बोजा पुढच्या दरपत्रकात येतोच, आणि जानेवारी हा दर वाढवण्याचा नेहमीचा महिना.

सीए म्हणतो तशी कंपनीच्या नावावर घेण्याआधी एक गणित कर. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर १३ टक्के रस्ता कर आहे, कंपनीच्या नावावर २० टक्के. सत्तर लाखांच्या गाडीला ९ लाख १० हजार आणि १४ लाख, म्हणजे जवळजवळ पाच लाखांचा फरक. कंपनीला वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, पण प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट (इनपुट क्रेडिट) मिळत नाही, हे बऱ्याच जणांना बिल हातात आल्यावर कळतं. बिलात १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर) दिसेल. तो आयकरात वळता होतो, म्हणून त्याला खर्च समजू नकोस.

बुकिंग करताना गाडीचा चासी नंबर आणि फॉर्म २१ चा, म्हणजे डीलरच्या विक्री दाखल्याचा, मसुदा माग. त्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. डिसेंबरमध्ये मिळणारी सूट बहुतेक यार्डात उभ्या असलेल्या गाडीवर असते. जानेवारीत २०२५ ची गाडी घेतलीस तर ती कागदावर पहिल्या दिवसापासून वर्षाने जुनी. विम्याची आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम) पहिल्या सहा महिन्यांनंतर १५ टक्क्यांनी आणि वर्षानंतर २० टक्क्यांनी उतरते, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक आधी वर्षच विचारतं. तेव्हा सूट त्या घटीपेक्षा मोठी असली तरच घे. तीन महिन्यांच्या आत बनलेली गाडी मिळाली तर उत्तम.

नोंदणी होण्याआधी, दिवसाच्या उजेडात, गाडी पुसून चकचकीत करायच्या आत बघून ये. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे वाच: ३५२५ म्हणजे २०२५ चा पस्तिसावा आठवडा. कधी हे आकडे आतल्या अंगाला असतात, मग स्टीअरिंग पूर्ण वळवून वाकून बघावं लागतं. त्याच टायरवर चांदणीची खूण असेल तर तो कंपनीने मान्य केलेला, आणि वर्तुळात आरएससी असेल तर रन-फ्लॅट. रन-फ्लॅट पंक्चर झाल्यावर ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर जातो, पण खड्ड्यात त्याची बाजू फाटली तर काही चालत नाही. म्हणून स्टेपनी मिळते का ते लिहून घे आणि विम्यात टायरचं कलम टाक.

ब्रेकच्या डिस्कवर हलका तांबूस थर दिसला तर काळजी नको, चार-सहा ब्रेकमध्ये तो जातो. पण पॅडच्या आकाराचा काळपट ठसा उमटला असेल आणि बोटाला खरबरीत लागत असेल, तर गाडी पावसाळाभर एका जागी उभी होती असं समज. तो ठसा पुढे पेडलमध्ये थरथर होऊन त्रास देतो. डिस्क बदलून माग. बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा आणि वायरिंगच्या कडा बघ. यार्डातल्या उंदरांची सुरुवात तिथून होते. ऑइलला डिपस्टिक नाही, इंजिन गरम झाल्यावर पातळी पडद्यावर बघायची. पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं लेबलही वाच. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, तेव्हा ते चालेल हे डीलरकडून लेखी घे.

पहिले २००० किलोमीटर इंजिन मिनिटाला ४५०० फेऱ्यांच्या आणि वेग ताशी १६० च्या आत ठेव. टायरला पकड यायला ३०० किलोमीटर लागतात, ब्रेक बसायला ५००. नव्या गाडीच्या पहिल्याच आठवड्यात महाबळेश्वरचा घाट नको.

एका परिस्थितीत मात्र मी तुला थांब म्हणेन. विजेवरच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, अशा पेट्रोल गाडीवर ४०. नवी विजेवरची सेडान चेन्नईत जोडायला लागले, तर हा फरक फार मोठा ठरेल. आयएक्स३ ची डब्ल्यूएलटीपी रेंज, म्हणजे प्रमाणित चाचणीत एका चार्जमध्ये कापलेलं अंतर, ८०५ किलोमीटरपर्यंत सांगितली आहे. प्रत्यक्षात बरीच कमी मिळाली तरी सातारा-पुणे जाऊन-येऊन तिला जड नाही. तुझ्याकडे स्वतःचा बंगला आणि दारात चार्जरची सोय आहे. मग प्रश्न एवढाच राहतो, की तुला सहा सिलिंडरचं इंजिन हवं आहे की शांत, वेगवान, कमी खर्चात फिरणारी गाडी. दुसरं उत्तर असेल तर जुन्या डिझेलची चेन तपासून घे आणि खुशाल थांब. तुझ्या पत्रात इंजिनाचा उल्लेख चार वेळा आला आहे, म्हणून मी पहिलं उत्तर धरून चाललो.

या शनिवारी आईंना घेऊन पुण्याला ये, दोन्ही गाड्या एकाच दिवशी बघू. येण्याआधी कोटेशन आणि चासी नंबर पाठवून दे, म्हणजे बनवल्याचा महिना मी आधीच विचारून ठेवतो.

आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद