ड्रॅकलोक कमी करू नकोस

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पोकेमॉन पत्त्यांच्या नव्या डेकची (साठ पत्त्यांच्या गठ्ठ्याची) यादी मिळाली. ड्रीपी चार, ड्रॅकलोक एक, ड्रॅगापल्ट ईएक्स तीन, रेअर कँडी चार. ड्रीपीचा ड्रॅकलोक होतो, ड्रॅकलोकचा ड्रॅगापल्ट; कँडी मधला ड्रॅकलोक गाळून थेट ड्रॅगापल्टवर नेते. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच तोडलं असतंस, म्हणून निवांत बसून लिहितोय. स्पर्धेआधी यादी बदल. अजून तीन ड्रॅकलोक घाल.

तू ड्रॅगापल्टचे आकडे बघून भाळलास, आणि त्यात नवल नाही. ३२० एचपी, म्हणजे तेवढं डॅमेज होईपर्यंत टिकतो. ड्रॅगन प्रकारचा म्हणून वीकनेस नाही, कोणाकडूनही दुप्पट मार नाही. टेरा या खास जातीचा म्हणून बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव रांगेत, असताना हल्ल्याचं डॅमेज लागत नाही. त्याच्या फँटम डाइव्ह या हल्ल्याला एक फायर आणि एक सायकिक, एवढीच एनर्जी. तेवढ्यात समोरच्या बाजूच्या, पुढे लढत असलेल्या अ‍ॅक्टिव्हला २०० आणि शिवाय त्याच्या बेंचवर सहा डॅमेज काउंटर (प्रत्येकी दहा डॅमेज) हवे तसे वाटायचे. बेंचवर ३० एचपीचे दोन बडू असतील तर तीन-तीन काउंटरमध्ये दोघंही जातात. २१० एचपीचा फेझंडिपिटी ईएक्स २०० खाऊन दहावर तग धरतो हे खरं, पण आधीच्या हल्ल्यात त्याच्यावर एक काउंटर टाकून ठेवला असेल तर तोही पडतो. मे २०२४ च्या ट्वायलाइट मास्करेड संचात हे कार्ड आलं तेव्हापासून मला ते आवडतं, आणि अजूनही आवडतं.

पण स्टेज २ ची, म्हणजे दोनदा उत्क्रांत होणारी, लाइन जोखताना शेवटचं कार्ड शेवटीच बघावं, असं माझं ठाम मत आहे. शेवटचं कार्ड चांगलं असतंच, नाहीतर ती लाइन कोणी हातात घेतली नसती. प्रश्न असतो तिथपर्यंत पोचेपर्यंत आपलं काय होतं, हा.

आधी ड्रीपी. हल्ले किरकोळ, ते सोडून दे. त्याचे ७० एचपी मात्र नीट बघ. बडी-बडी पॉफिन हे कार्ड डेकमधून ७० किंवा त्याहून कमी एचपीचे दोन बेसिक (पहिल्या पायरीचे पोकेमॉन) थेट बेंचवर आणतं, म्हणजे ड्रीपी बरोबर त्या मर्यादेवर बसतो. आणि समोरही ड्रॅगापल्टच असेल, तर त्याच्या सहा काउंटरचे ६० झाले तरी ड्रीपी दहावर जिवंत राहतो. साठ एचपीचा डस्कल तिथेच संपतो. चार ड्रीपी ठेवूनही पहिल्या सात पत्त्यांत एक तरी येण्याची शक्यता साधारण ४० टक्केच, त्यामुळे पॉफिन हवंच. तू ते चार ठेवलंयस, छान केलंस.

आता ड्रॅकलोक. ९० एचपी, हल्ला कामापुरता. सगळं मोल त्याच्या रेकॉन डायरेक्टिव्ह या अ‍ॅबिलिटीत आहे: टर्नमध्ये एकदा डेकचे वरचे दोन पत्ते बघायचे, एक हातात घ्यायचा, दुसरा तळाशी ठेवायचा. आता हिशोब कर. ड्रीपीवर ड्रॅकलोक ठेवलास की त्याच टर्नला अ‍ॅबिलिटी वापरता येते. पुढच्या टर्नला आधी पुन्हा अ‍ॅबिलिटी वापरायची आणि मग त्यावर ड्रॅगापल्ट ठेवायचा. एक पत्ता खर्च झाला आणि निवडून घेतलेले दोन हातात आले. कँडीने गेलास तर कँडीचा एक पत्ता जातो, परत काहीच येत नाही. वाचतो फक्त एक टर्न. बेंचवर दोन ड्रॅकलोक असतील तर टर्नला दोन निवडी होतात, तीन असतील तर तीन. समोरच्याने हातातले पत्ते उडवणारा सपोर्टर पत्ता खेळला तरी तुझं गाडं अडत नाही, कारण तुझा पत्त्यांचा झरा हातात नाही, पटावर आहे. सगळे ड्रॅकलोक ड्रॅगापल्ट करायची घाईही मग करू नये. मी एक तरी शेवटपर्यंत तसाच ठेवतो.

वाचलेल्या त्या टर्नचंही बघू. पहिला खेळणारा पहिल्या टर्नला हल्ला करू शकत नाही, दुसरा करू शकतो. जानेवारी २०२५ पासून तो दुसरा खेळाडू बडूने सुरुवात करतो: एनर्जी नाही, काही नाही, दहा डॅमेज आणि पुढच्या टर्नला समोरच्याच्या सगळ्या आयटम पत्त्यांवर बंदी. रेअर कँडी आयटमच आहे. ज्या दुसऱ्या टर्नसाठी तू चार कँडी ठेवल्यास, त्याच टर्नला त्या हातात पडून राहतील. ड्रीपीवर साधा ड्रॅकलोक ठेवायला मात्र बडू आडवा येत नाही. आणि एकुलता एक ड्रॅकलोक दहातल्या एका डावात प्राइझमध्येच, म्हणजे सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या सहा पत्त्यांत, अडकलेला असेल, तेही धर.

मधलं कार्ड नेहमीच असं मोलाचं असतं, असं मी म्हणत नाही. चारिझार्ड ईएक्सच्या डेकमध्ये चारमिलिअन एखादाच असायचा आणि ते योग्य होतं, कारण चारिझार्ड उत्क्रांत होताक्षणी डेकमधून तीन फायर एनर्जी आणतो; तिथे लवकर पोचण्यातच सगळं होतं. गार्डेवॉरचं उदाहरण तू देशीलच. एक पत्ता टाकून दोन घेणारी तिथली मधली किर्लिया एप्रिल २०२५ च्या रोटेशनमध्ये (जुने पत्ते स्पर्धेतून बाद होतात तेव्हा) गेली, तेव्हा ती लाइन संपली असं अनेकांना वाटलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अ‍ॅनहाइमला मास्टर्स गटाची जागतिक स्पर्धा गार्डेवॉरनेच जिंकली. पण गार्डेवॉर टाकलेल्या पत्त्यांतून हवी तितकी सायकिक एनर्जी स्वतः उचलते. ड्रॅगापल्ट स्वतः काहीच आणत नाही, ना एनर्जी ना पत्ते. म्हणून त्याला ड्रॅकलोक लागतो.

तेव्हा ४-४-३ कर आणि कँडी दोनवर आण. पहिल्या टर्नलाच शक्य तितके ड्रीपी बेंचवर बसव. यात एक पत्ता वाढतो, तो दुसरीकडून काढ, आणि अजून एक जागा काढून क्रिस्पिन या सपोर्टरला दे. फायर आणि सायकिक दोन्ही एकाच पत्त्याने मिळतात, एक लगेच जोडायची, दुसरी हातात. डस्कनॉयर, म्हणजे डस्कलचं शेवटचं रूप, घालायचा मोह होतोय हे तुझ्या यादीवरून दिसतंच. तो घालायचा असेल तर कँडी तीन ठेवावी लागेल, मग ती जागा कुठून काढणार ते मला कळव. मी पॉफिनला हात लावणार नाही.

काकूंना नमस्कार सांग. शनिवारी संध्याकाळी मोकळा असशील तर माझा गार्डेवॉर डेक घेऊन येतो. नवी यादी घेऊन निदान पाच डाव खेळू.

तुझाच,
बाळ्या