दोघांचे आभार, नावे विचारायची राहिली

चवथीच्या आदल्या आठवड्यात गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या घरी नवा राउटर आणला. दिवे लागले, फोनवर वायफायही दिसले, पण इंटरनेट काही येईना. दोन दिवस मी केबल काढून घालत बसलो. (बायको म्हणाली, समईची वात तरी इतक्यांदा सारत नाही तुम्ही.)

म्हापशाच्या दुकानात रांगेत मागे उभ्या मुलाने माझी कैफियत ऐकली. "काका, मोडेमची केबल कुठल्या भोकात घातलीत?" लॅनमध्ये (घरातली यंत्रे जोडायचे भोक)! ती वॅनमध्ये (बाहेरचे इंटरनेट आत घ्यायचे भोक) हवी होती. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (राउटरच्या सेटिंगचे पान) उघडा, डीएचसीपी (आपोआप जोडणी) काढून पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणी) निवडा, कंपनीने दिलेले युजरनेम-पासवर्ड घाला, असे सगळे त्याने बिलाच्या पाठीवर लिहून दिले. कस्टमर केअरला तीन फोन करून एवढे कळले नव्हते.

आतल्या खोलीत तरी सिग्नल मरतच होता. शेजारी कामाला आलेल्या वायरमनने चिऱ्याच्या भिंतीवर थाप मारली, म्हणाला, "५ गिगाहर्ट्झचे वायफाय हिच्यातून नीट येत नाही, आत २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर जोडा." राउटरही कपाटातून काढून उंच कोनाड्यात ठेवला. पैसे नको म्हणाला, चहा तेवढा घेतला.

आता आई रोज बेंगळुरूच्या नातीशी व्हिडिओवर बोलते. दोघांनाही, देव बरें करूं.