श्वासाच्या मशीनी धुतं कोण?

मा. संपादक,

घरातलं म्हातारं माणूस नर्सिंग होममधे ठेवायचं म्हटलं की आपण काय बघतो, तर खोली हवेशीर आहे का, जेवण कसंय, लादी पुसतात का. पण उशाशी जो नेब्युलायझरचा, म्हणजे औषधाचे तुषार करून श्वासातून देणाऱ्या मशीनचा, कप पडलेला असतो त्यात कोणी डोकावत नाही. औषध फुफ्फुसात खोल पोचावं म्हणून ती मशीन ५ मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक थेंब करते, मग कपात जंतू असले तर तेही तितकेच खोल जाणार ना!

धुतच नाहीत असं नाही हो, धुतात, पण नळाखाली धरायचं, झटकायचं आणि ओलंच परत नळीला जोडायचं. पिण्याच्या पाण्यातही लिजिओनेला, स्युडोमोनास असले जंतू थोडेफार असू शकतात, पोटात गेले तर सहसा काही होत नाही पण 80 वर्षांच्या माणसाच्या फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि ओलसर कपात त्यांना वाढायला रात्र पुरते. म्हणून शेवटचं खळबळणं निर्जंतुक पाण्याने करायचं, सगळे भाग सुटे करून पूर्ण वाळवायचे आणि एकाचा कप दुसऱ्याला द्यायचा नाही. व्हिनेगरवर भागवतात काही जण, त्याने सगळे जंतू मरत नाहीत, इतक्या आजारी माणसांमधे तर ते नकोच.

ऑक्सिजन ओलसर व्हावा म्हणून तो ज्या पाण्यातून सोडतात, त्या बुडबुड्यांच्या बाटलीची तऱ्हा याहून वाईट. पाणी कमी झालं की उरलेल्यातच वरून भर! खरंतर ते ओतून, बाटली धुऊन वाळवून मग नवीन निर्जंतुक पाणी घालायला हवं. शिवाय नाकातल्या नळीने मिनिटाला 4 लिटरपर्यंत ऑक्सिजन चालू असेल तर बऱ्याच पेशंटना ती बाटली लागतच नाही, डॉक्टरांना विचारून काढून टाकली तर एक काम कमी. सीपॅपचा (झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा) मास्कही रोज साबणाने धुवायचा असतो, पण तो बहुधा खुंटीलाच लटकलेला.

स्टाफला तरी काय बोलणार, सिस्टरला वाटतं आया धुते, आयाला वाटतं हे सिस्टरचं काम, आणि रात्रपाळीला माणसं कमी. प्रत्येक किटवर पेशंटचं नाव आणि बदलल्याची तारीख लिहिलेली पट्टी हवी, आणि औषधाच्या चार्टवर सही होते तशीच धुणाऱ्याचीही सही व्हायला हवी. तपासणीला येणाऱ्यांनी लायसन्स बघतात तसा हा चार्टही मागावा.

- एक वाचक