पीजीला पॅथॉलॉजी घेऊ का विचारलंस म्हणून

प्रिय निख्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. पीजीला रेडिओलॉजी-डर्मा रँकमुळे गेलंच, मेडिसिन मिळालं तर कुठेतरी लांब, आणि पॅथ मात्र घराजवळ मिळतंय. काका म्हणाले म्हणे, "एवढं शिकून लॅब टाकणार का?" अरे मी पॅथच करतोय, तर आमच्याकडे आई अजून नातेवाइकांना सांगत असते की पोरगा डॉक्टरच आहे, रक्त काढायला येत नाही म्हणून.

खरं सांगू का, आपल्या बॅचचं पॅथवरून मन उडालं ते सेकंड इयरलाच. काय बघितलं आपण तेव्हा? फॉर्मलिनमधल्या बरण्या आणि जर्नल. गुलाबी-जांभळ्या पेन्सिली घेऊन सीनियरच्या जर्नलवरून गोल गोल काढायचे, स्लाइड बघितली न बघितली कोण विचारतंय, व्हायव्हाला बरणीतलं जायफळासारखं दिसणारं नटमेग लिव्हर ओळखलं की सुटलो. रिपोर्ट तयार कसा होतो ते कुणी दाखवलंच नाही, इंटर्नशिपला पण आपला संबंध सॅम्पल पोचवण्यापुरता. मग कोण येणार इकडे? जे येतात त्यातले निम्मे "इमर्जन्सी नाही, रात्री झोप मिळते" ऐकून येतात, आणि झोप मिळते हे खोटं नाही, पण तेवढ्यावर येऊ नकोस बाबा.

ग्रॉसिंग टेबलाला, म्हणजे ऑपरेशनमधून आलेला अवयव कापून तपासतात तिथे, उभं राहून बघ एकदा. कॅन्सरसाठी काढलेल्या कोलनच्या (मोठ्या आतड्याच्या) स्पेसिमेनमध्ये किमान 12 लिम्फ नोड सापडायला हवेत, ते चरबीत बोटांनी चाचपत बसायचं, फॉर्मलिननं डोळ्यातून पाणी येतंय, अकरावर गाडी अडलीये, पाठ मोडलीये आणि सोडता येत नाही कारण त्यावर स्टेज ठरणार आणि स्टेजवर केमो. फ्रोझन, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून द्यायचा रिपोर्ट, तर विचारूच नकोस. पेशंट टेबलावर, गालाच्या कॅन्सरची मार्जिन (कापलेली कड) खाली आलीये, तुकडा गोठवून कापायचं मशीन क्रायोस्टॅट उणे वीस-बावीसला, आणि वीसेक मिनिटांत सांगायचं की अजून कापा किंवा बास. सर्जन फोन धरूनच असतो. त्या वेळी मॅडमच्या शेजारी मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या हेडवर बसून बघतो ना मी, मला दुसरं काही नको वाटतं.

"पेशंट दिसत नाही" हे पण अर्धवटच आहे. एफएनएसीला (गाठीतून सुईनं पेशी काढतात त्याला) रोज दिसतात, गाठ आपणच चाचपतो, सुई आपणच घालतो, काय असेल डॉक्टर म्हणून पहिला प्रश्न पण आपल्यालाच. आणि टाटा मेमोरियलचे खानोलकर आठव, पॅथॉलॉजिस्टच माणूस, 1945 मध्ये सूर्याबाईंबरोबर धोतीच्या कॅन्सरवर लिहिलं त्यांनी, कमरेला जिथे धोतर वर्षानुवर्षं आवळून घासतं तिथला. स्लाइडवरून थेट माणसाच्या नेसण्यापर्यंत. तरी एक आहे, बरा झालेला पेशंट पेढे घेऊन सर्जनकडे जातो, आपल्याकडे नाही. तुला ते लागतं हे मला माहितीये, वॉर्डात तू रमायचास. याचा मात्र नीट विचार कर.

एआय सगळं खाऊन टाकेल म्हणतात, त्याची मला एवढी भीती नाही, सहीच्या धंद्याची आहे. डिसेंबर 2017 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रिपोर्टवर सही पॅथमध्ये पीजी केलेल्या डॉक्टरचीच हवी. छान झालं, पण मग काही लॅबवाल्यांना डॉक्टर नकोच, नुसती सही हवी, महिन्याला ठरलेले पैसे घ्या आणि येऊ पण नका. आमच्या एका सीनियरला अशी ऑफर आली, तो नाही म्हणाला, आता स्वतःची लॅब चालवतोय आणि दर महिन्याला कुणीतरी डॉक्टर विचारतो पेशंट पाठवले तर कट किती देणार. वर मोठ्या चेनवाल्यांचे पॅकेजचे रेट. काकांना हे सांग, "लॅब टाकणार का" वाटतं तेवढं सोपं नाहीये. मला विचारशील तर मी ऑन्कोपॅथची (कॅन्सरच्या पॅथची) फेलोशिप करून मोठ्या हॉस्पिटलात नोकरीच बघणारे.

चॉइस लॉक करायच्या आधी एक दिवस आमच्या डिपार्टमेंटला ये, हेड अँड नेकच्या ऑपरेशनची लिस्ट असेल तो वार मी कळवतो. सकाळी नीट खाऊन ये, ग्रॉसिंगनंतर जेवण जाणार नाही.

तुझाच,
सम्या