हर-टूचा घोळ घराण्यात नसतो, गाठीत असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्तनाच्या कर्करोगातल्या हर-टू या जनुकावरचा लेख वाचला. विषय घेतलात, आभार. पण ‘तुमच्या घराण्यात हा जनुक आहे का, आजच रक्त तपासा’ ही चौकट कुणी घातली? हर-टू सगळ्यांच्याच घराण्यात आहे, चौकट लिहिणाऱ्याच्याही. १७व्या गुणसूत्रावर, एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. आईकडून लेकीकडे जाण्याची धास्ती असते ती बीआरसीए १ आणि २ या वेगळ्याच जनुकांमधल्या बिघाडाची. लेखकाने दोन्ही एकाच पातेल्यात ढवळलेत. हर-टूचा घोळ होतो तो त्या गाठीतल्या पेशींपुरता. दोनाच्या जागी दहा, वीस, कधी त्याहून जास्त प्रती. म्हणून तपासायची ती गाठ.

प्रती वाढल्या की पेशीच्या पडद्यावर या जनुकावरून बनणाऱ्या हर-टू प्रथिनाची दाटी होते. ईजीएफआरसारख्या त्याच्या भावंडांना बाहेरून निरोप आणणारा रेणू येऊन चिकटावा लागतो. हर-टूला असा स्वतःचा निरोप्या सापडलेलाच नाही. तो कायम हात पुढे करून उभा. शेजारी हर-थ्री हे भावंड आलं की जोडी जमते, आत पीआय३के-एकेटी आणि रास-मॅप या निरोप पोचवणाऱ्या साखळ्या सुरू होतात आणि ‘वाढा, मरू नका’ हा हुकूम थांबतच नाही. स्तनाच्या कर्करोगात शंभरातल्या पंधरा-वीस गाठी अशा. अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळालेलं ट्रास्टुझुमॅब हे औषध याच प्रथिनाला बाहेरून धरतं. ‘सगळ्या रुग्णांना उपयोगी’ हे तुमचं वाक्य सोडलं तर एवढा भाग ठीक आहे.

कुणाला उपयोगी, हे स्लाइडवर, म्हणजे काचेवर घेतलेल्या गाठीच्या पातळ कापातलं हर-टू प्रथिन रंगवून, ठरतं. आणि स्लाइडची वाट लागते ती ऑपरेशन थिएटरच्या दारात. त्यावर लेखात अक्षर नाही. प्रयोगशाळेत नमुना येतो तो असा: अख्खा स्तन, एकही काप न देता, अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेला, वर जेमतेम चार बोटं फॉर्मालिन, म्हणजे नमुना टिकवणारं द्रावण. आत जाताना मऊ होता, आता कडक झालाय, तोंडातून निघत नाही. मग आधी बरणी कापा! कुणी सलाईनमध्ये पाठवतं, कुणी कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतं. शनिवारची शस्त्रक्रिया असेल तर नमुन्याचं तोंड सोमवारी दिसतं.

फॉर्मालिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं, तेही पुढे मंदावत. कडा पक्क्या होतात, मधली गाठ तोवर आतून कुजते. तिथे प्रथिन मेलेलं असतं, रंग धरत नाही, आणि कागदावर उमटतं ‘हर-टू निगेटिव्ह’. बाईचं वर्षभराचं औषध त्या बरणीतच बुडालं. करायचं इतकंच: तासाच्या आत गाठीवरून काप द्या, पाच ते दहा मिलिमीटरचे, मध्ये गॉज किंवा कागद सारा. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन, नमुन्याच्या दहापट, रुंद तोंडाच्या डब्यात. काढल्याची आणि बुडवल्याची वेळ डब्यावर लिहा. फॉर्मालिनमध्ये सहा तासांपेक्षा कमी नको, बहात्तरांपेक्षा जास्त नको. खर्च किती? डब्याचा आणि बॉलपेनचा.

आणि स्लाइडवरच्या रंगाला दिलेला ‘टू प्लस’ हा दर्जा म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे हो. दहा टक्क्यांहून जास्त पेशींना रंगाचं गडद, सलग, चहूबाजूंनी कडं दिसलं तर थ्री प्लस. कडं पुरं पण फिकट, तर टू प्लस; मग फिश ही जनुकाच्या प्रती ठिपक्यांनी दाखवणारी चाचणी करून पेशीतले ठिपके मोजावे लागतात. हर-टूचे ठिपके १७व्या गुणसूत्राच्या ठिपक्यांच्या दुप्पट किंवा जास्त आणि दर पेशीत सरासरी चार किंवा जास्त, तर पॉझिटिव्ह. तुमच्या तक्त्यात टू प्लसपुढे थेट औषधाचं नाव आहे. कुणी तो तक्ता कापून डॉक्टरांकडे नेला तर भांडण त्यांनी निस्तरायचं.

जाता जाता. लेखावरच्या चित्रातला डीएनए डाव्या आट्यांचा आहे. पेशीतला उजव्या आट्यांचा असतो, साध्या स्क्रूसारखा. गेल्या वर्षीही हेच चित्र होतं. नवं काढायची गरज नाही, आरशात दिसेल तसं उलटवून छापलंत तरी बरोबर येईल.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट वाचक, मिरज