जुनं सेस्ना २१० विमान घेताय? आधी छत उघडून बघा

मंडळी, ग्रुपमधले दोघं-तिघं जुनं २१० बघतायत म्हणून कळकळीनं सांगतोय, नुसता चकचकीत पेंट आणि इंजिनाचे तास बघून अ‍ॅडव्हान्स देऊ नका. केबिनच्या छतात दोन्ही पंखांना जोडणारा आडवा स्पार, म्हणजे धातूची मुख्य तुळई असते, तिला चिकटलेला फोम ओल धरून ठेवतो आणि आतल्या आत धातू खाल्ला जातो, बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात माउंट आयसाजवळ अशाच एका विमानाचा पंख हवेत तुटला, दोघं गेले, भेग सुरू झाली होती गंजाच्या एका बारीक खड्ड्यातून. त्यामुळे छताचं अस्तर, फोम काढायलाच लावा, टॉर्च मारून फुगलेला पेंट, पांढरी भुकटी दिसते का बघा. मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याचा नको. मालक उघडू देत नसेल तर ते विमान सोडून द्या.